नारदाचा अर्ज

ऑगस्ट संपत आला की संख्याशास्त्र विभागात माझ्या टेबलाभोवती एमएस्सीची मुलं घुटमळू लागतात. कोणाला अमेरिकेत पीएचडीला जायचं असतं, कोणाला जर्मनीत मास्टर्सला. अमेरिकेतल्या बहुतेक विभागांची मुदत डिसेंबरात, फार तर जानेवारीत संपते. त्याआधी विद्यापीठातून ट्रान्स्क्रिप्ट काढायची, टोफेल नाहीतर आयईएलटीएस द्यायची, जीआरई लागते का ते प्रत्येक विभागाचं वेगळं तपासायचं, कारण २०२० नंतर पुष्कळांनी ती अट काढून टाकली आहे. जर्मनीसाठी आता एपीएसचा, म्हणजे कागदपत्रं तपासून मिळणारा, दाखलाही लागतो. हे सगळं मुलं एकमेकांना विचारून नीट पार पाडतात. त्यात माझी गरज पडत नाही.

मी लागते ती दोन कागदांसाठी. एक, स्वतःविषयी लिहायचं ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’, ज्याला सगळे एसओपी म्हणतात. दुसरा, शिक्षकांचं शिफारसपत्र. या दोन कागदांशी आले की मला दर वर्षी तेच दोन प्रश्न पडतात. माणसानं स्वतःबद्दल खरं कसं सांगावं? आणि दुसऱ्याबद्दल साक्ष द्यायचा अधिकार कोणाला असतो? माझ्या मते हे धर्माचे प्रश्न आहेत, आणि आपल्या जुन्या ग्रंथांत ते फार बारकाईनं हाताळलेले आहेत. मी संस्कृतची पंडित नाही. रविवारी आमच्या वाचनमंडळात जे वाचते, तेच सोमवारी कॉलेजात माझ्या उपयोगी पडतं.

शिफारसपत्राबद्दल आधी सांगते. आपल्याकडे रीत पडली आहे की पत्र विद्यार्थ्यानंच टाइप करून आणायचं आणि सर-मॅडमनी सही ठोकायची. आता पत्र ऑनलाइन गेलं, तर काही ठिकाणी लिंकसुद्धा मुलगाच उघडतो, सरांच्या नावानं फॉर्म मुलगाच भरतो आणि सर ‘कर रे तूच’ म्हणतात. मी हे करत नाही आणि कोणी करू नये असं मला मनापासून वाटतं. मुलांवर माझा राग नाही. त्यांना कोणीतरी सांगितलेलं असतं की असंच असतं.

न्यायदर्शनानं शब्द हे स्वतंत्र प्रमाण मानलं आहे. डोळ्यांनी पाहिलं नाही, अनुमानानं काढलं नाही, तरी विश्वासू माणसाच्या सांगण्यावरून खरं ज्ञान होऊ शकतं. पण विश्वासू कोण? न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनानं याचं उत्तर दिलं आहे. ज्यानं ती वस्तू स्वतः साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशीच ती दुसऱ्याला कळावी अशी ज्याची इच्छा आहे, तो आप्त. पुढे तो म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे. म्हणजे जन्म नाही, पद नाही. पाहिलंय का, आणि पाहिलं तसं सांगायचंय का, एवढंच.

आता परदेशी विद्यापीठाचा शिफारशीचा फॉर्म उघडून बघा. पहिला प्रश्न असतो की अर्जदाराला तुम्ही किती काळ ओळखता आणि कोणत्या नात्यानं. मग विचारतात, आजवर शिकवलेल्या विद्यार्थ्यांत याला वरच्या १ टक्क्यात ठेवाल, ५ टक्क्यांत की १० टक्क्यांत. आणि अमेरिकेत अर्जदाराला आधीच विचारलेलं असतं की १९७४च्या कायद्यानं हे पत्र पाहण्याचा जो हक्क तुला मिळू शकतो, तो तू सोडतोस का. बहुतेक जण सोडतात, कारण साक्षीदार मोकळेपणानं बोलला असेल तरच त्याच्या बोलण्याला वजन. प्रवेश समितीतल्या कोणी वात्स्यायन वाचला असेल असं नाही. पण साक्ष तपासायला बसलेल्या कोणालाही हेच विचारावं लागतं.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्याला मी पहिलं हे सांगते की संस्थेच्या अध्यक्षांचं पत्र नको, प्राचार्यांनी तुझं काम पाहिलं नसेल तर त्यांचंही नको. तुमच्या प्रोजेक्टच्या वेळी संध्याकाळी उशिरापर्यंत लॅबमध्ये थांबणारे सीएचबीवरचे (तासिका तत्त्वावरचे) सर असतील, तर त्यांच्याकडे जा. तासावर पगार घेणाऱ्या माणसाचं नाव लेटरहेडवर वजनदार दिसत नाही, ही भीती मुलांच्या मनात असते. पण तू पहिल्यांदा सांख्यिकी सॉफ्टवेअर उघडलंस तेव्हा तुझं काय चुकलं, मग कसं दुरुस्त केलंस, हे त्यांनी पाहिलेलं आहे. वर्गात पहिला आलेल्या मुलाबद्दल मला फक्त त्याचे गुण माहीत असतील, तर ते गुणपत्रिकेत आहेतच. माझ्या पत्रानं त्यात काहीच भर पडत नाही. अशा मुलाला मी नाही म्हणते. त्याला वाईट वाटतं, मलाही वाटतं.

एसओपीची गोष्ट जास्त अवघड आहे, कारण तिथे साक्षीदार आणि ज्याच्याबद्दल साक्ष द्यायची तो, दोन्ही एकच.

काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी आपला पहिला मसुदा घेऊन आली. सुरुवात ठरलेली: लहानपणापासून आकड्यांची ओढ, आकड्यांचं सौंदर्य, जगाला बदलण्याचं स्वप्न. इंग्रजी निर्दोष होतं. कुठल्याही मुलीच्या नावानं तो कागद खपला असता. मी तिला प्रोजेक्टची वही आणायला सांगितली.

तिचा प्रोजेक्ट पंचगंगा नदीवर होता. कोल्हापुरात पावसाळ्यात घरोघरी एकच आकडा विचारला जातो, राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९च्या पुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. तिनं गगनबावडा आणि राधानगरी भागातला रोजचा पाऊस घेतला होता आणि त्यावरून दुसऱ्या दिवशीची बंधाऱ्यावरची पातळी काढणारं समीकरण बसवलं होतं. जूनमध्ये समीकरण चांगलं चालत होतं, जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातही. वहीत अंदाज आणि प्रत्यक्ष यांचे दोन रकाने होते, फरक इंचांत. मग एका पानावर तो फरक एकदम फुटांत गेला होता आणि पुढचे बरेच दिवस तसाच राहिला होता. समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘गेट?’

राधानगरी धरणाला ७ स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात. पाणी भोगावतीतून पंचगंगेत येतं. त्या दिवसापासून नदीचा कारभारच बदलतो. कालच्या पावसावरून आजची पातळी काढायचा नियम तिथे लागू पडत नाही, कारण आता पडलेल्या पावसाबरोबर साठलेलं पाणीही वाहतंय. हे तिचं तिनं शोधलं होतं. प्रबंधात ते ‘मर्यादा’ या शीर्षकाखाली दोन ओळींत उरकलं होतं आणि एसओपीत त्याचा उल्लेखच नव्हता.

मी विचारलं, हे का नाही लिहिलंस?

“मॅडम, ते तर चुकलंय. चुकलेलं कोण सांगतं अर्जात?”

त्या आठवड्यात वाचनमंडळात आम्ही छांदोग्य उपनिषदाचा सातवा अध्याय वाचत होतो. नारद सनत्कुमाराकडे जातो आणि मला शिकवा म्हणतो. सनत्कुमार त्याला आधी विचारतो, तुला काय येतं ते सांग, मग त्यापुढचं मी सांगीन. नारद यादी सांगतो. चार वेद, इतिहास-पुराण, व्याकरण, गणित, शकुनांची विद्या, तर्क, नीती, नक्षत्रविद्या, सर्पविद्या, आणखी कितीतरी. लांबलचक यादी आहे. त्या काळात शिकण्यासारखं जे जे होतं ते सगळं तो शिकलेला आहे, आणि तो ते लपवत नाही, कमी करून सांगत नाही. पण यादी संपल्यावर तो म्हणतो की एवढं असून मी मंत्र जाणणारा आहे, आत्मा जाणणारा नाही. तुमच्यासारख्यांकडून ऐकलंय की आत्मा जाणणारा शोकापलीकडे जातो. मी शोकात आहे. मला पलीकडे न्या.

मला हा आपल्या परंपरेतला सर्वांत चांगला अर्ज वाटतो. मुलं यादीवर थांबतात. क्लासवाले यादी चकचकीत करून देतात. पण सनत्कुमारानं नारदाला शिकवायला घेतलं ते यादीच्या पुढच्या वाक्यावर, कारण आपलं ज्ञान नेमकं कुठे संपतं हे नारदाला ठाऊक होतं. त्या जागेपासूनच गुरूला शिकवता येतं. आणि हे वाक्य यादी नसलेल्याला म्हणता येत नाही. ज्यानं समीकरण बसवलंच नाही, त्याला ते कुठे मोडतं हे कसं कळणार? आपल्या अज्ञानाची जागा दाखवणं ही कष्टानं मिळवलेली गोष्ट आहे. तिला चूक म्हणू नये.

तिनं एसओपी पुन्हा लिहिलं, धरणाच्या दरवाज्यापासून. आपला नियम मध्येच बदलणाऱ्या प्रक्रियेचं गणित कसं मांडतात ते मला येत नाही, अमक्या प्राध्यापकांचा शोधनिबंध मी वाचला, त्यातला इतका भाग समजला आणि इथून पुढे अडले, म्हणून तुमच्या विभागात यायचंय, असं सरळ लिहिलं. तिला काही ठिकाणी नकार आले, एका ठिकाणी प्रवेश मिळाला. त्यावरून मी काही सिद्ध करत नाही. एका उदाहरणावरून निष्कर्ष काढू नये हेच तर मी शिकवते. प्रवेश कुठेच मिळाला नसता तरी मी तिला हेच सांगितलं असतं.

आमच्या भागातल्या मुलांची एक वेगळी अडचण आहे. भुदरगड, शाहूवाडीकडून आलेल्या मुलांना ‘मी केलं’ असं लिहवत नाही. घरी शिकवलेलं असतं की आपली बढाई आपण मारू नये. महाभारतात कर्णपर्वात याचं टोक दिसतं. युधिष्ठिर चिडून अर्जुनाला म्हणतो, गांडीव दुसऱ्याला देऊन टाक. असं म्हणणाऱ्याला मारायची अर्जुनाची प्रतिज्ञा असते. कृष्ण त्यातून वाट काढतो की वडीलधाऱ्याचा अपमान हा त्याचा वधच, तेव्हा तू त्याला फक्त कठोर बोल. अर्जुन बोलतो, आणि पश्चात्तापानं स्वतःचा जीव द्यायला निघतो. तेव्हा कृष्ण म्हणतो, स्वतःच्या तोंडानं स्वतःची स्तुती कर, तीच आत्महत्या. आत्मस्तुतीला इतकं कठोर नाव देणाऱ्या परंपरेत वाढलेल्या मुलानं दोन पानं स्वतःवर लिहायची कशी?

याचं उत्तर मला गीतेच्या अठराव्या अध्यायात सापडलं. कुठल्याही कर्माची पाच कारणं तिथे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, निरनिराळे प्रयत्न आणि दैव. एकट्या स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याला नीट दिसत नाही, असं कृष्ण पुढे म्हणतो. पण पाचांत कर्ता आहेच, तो गाळलेला नाही. म्हणून मी मुलांना पाचही लिहायला लावते. पावसाचे आकडे कोणी नोंदवले, कॉम्प्युटर कोणाचा वापरला, सरांनी काय सुचवलं, काय योगायोगानं हाती लागलं, आणि मग तू काय केलंस. बाकीच्यांचं श्रेय जागेवर ठेवलं की आपला वाटा सांगताना मुलाचा हात अडखळत नाही. ती स्तुती होत नाही, हिशेब होतो. आणि हाच हिशेब फुगवणाऱ्यालाही आवरतो. चौघांच्या गटातला प्रोजेक्ट एकट्याच्या नावावर लावता येत नाही.

खरं सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं असंही नाही. कर्णपर्वात त्याच प्रसंगी कृष्ण कौशिकाची कथा सांगतो. हा तपस्वी खरं बोलायचं व्रत घेतलेला. दरोडेखोरांनी विचारल्यावर त्यानं लपलेल्या माणसांची जागा दाखवली, ती मारली गेली, आणि कौशिक नरकात गेला. सत्य म्हणजे तोंडाला येईल ते ओकणं नव्हे, याला विवेक लागतो. वडिलांच्या आजारपणात एखाद्या सत्राचे गुण पडले असतील तर एका वाक्यात सांगावं. घरातलं सगळं दुःख समितीपुढे उघडं करायची कोणावर सक्ती नाही. पण वाचणाऱ्याचा गैरसमज व्हावा म्हणून गाळलेलं वाक्य आणि त्याला गरज नाही म्हणून गाळलेलं वाक्य, यांतला फरक लिहिणाऱ्याला नक्की माहीत असतो.

इंग्रजी सुधारायला कोणाची मदत घ्यायला माझी हरकत नाही, यंत्राचीही नाही. पण आपण कुठे अडलो ते वाक्य विकत मिळत नाही आणि यंत्रालाही ते ठाऊक नसतं. समासातलं ते ‘गेट?’ तिचं तिलाच दिसलं होतं.

तेव्हा ज्यांना यंदा अर्ज करायचा आहे त्यांना माझं सांगणं आहे. मुदत डिसेंबरची असेल तर ऑक्टोबरच्या आत आपल्या शिक्षकांकडे जा. टाइप केलेलं पत्र नेऊ नका. प्रोजेक्टची मूळ वही न्या, खाडाखोड असलेली, आणि कुठे अडलात ते पान आधी दाखवा. आणि माझ्या शिक्षक मित्रांनो, त्या पानावर त्यांच्याबरोबर तासभर बसा, मग पत्र स्वतः लिहा. पाहिलेलं नसेल, तर स्वच्छ नाही म्हणा, आणि ज्यानं पाहिलंय त्याच्याकडे त्या मुलाला पाठवा.