धन, पडदा आणि मनुष्य

मनुष्याची पारख त्याच्या व्यवसायावरून करावी की अंतःकरणावरून, हा प्रश्न धर्मशास्त्राइतकाच चित्रपटालाही लागू पडतो. बाबुराव पेंटरांच्या १९२५ च्या ‘सावकारी पाश’ने कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची कैफियत पडद्यावर मांडली, आणि ‘मदर इंडिया’तील (१९५७) सुखीलालापर्यंत सावकार जणू एकाच साच्यातून निघत राहिला; पुढे ‘स्कॅम १९९२’ या मालिकेने (२०२०) शेअर दलाल हर्षद मेहतांबरोबरच पत्रकार सुचेता दलाल यांनाही कथानकात मानाचे स्थान दिले, हा पालट लहान नव्हे.

तथापि मीरा-भाईंदरसारख्या शहरात, जिथे बावन जिनालय या जैन मंदिरात अपरिग्रहाचा उपदेश ऐकणारा व्यापारी, उत्तनच्या किनाऱ्यावर मासळीचा हिशेब तोंडी चुकता करणारी कोळीण आणि संध्याकाळी दुकानोदुकानी छोट्या यंत्रातून पावती फाडून देत पिग्मीचे, म्हणजे रोजच्या अल्पबचतीचे, पैसे गोळा करणारा पतपेढीचा एजंट हे सारे एकाच अर्थव्यवहाराचे भागीदार आहेत, तिथे पैशाची कथा दलाल स्ट्रीटवरील मोजक्या पुरुषांचीच कशी म्हणावी?

शिवाय तुकोबांचे घराणेही महाजनकीचे होते, आणि परंपरा सांगते की त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली. म्हणजे वैराग्य सावकाराच्या पेढीवरही उपजू शकते. सर्वांभूती एकच आत्मतत्त्व मानणाऱ्या समाजाने पडद्यावर एका जमातीच्या वाट्याला केवळ लोभ आणि दुसरीच्या वाट्याला केवळ दैन्य द्यावे, हा माझ्या मते कलेचा दोष नंतर, धर्माचा दोष आधी होय.