काय थांबू शकतं?

तुम्हीही दिवस मोजत असाल. कुणी व्हिसाचे, कुणी घराच्या हप्त्यांचे. मी पोस्टडॉकच्या कराराचे मोजते. आईचा फोन आला की म्हणते, “हा पेपर जाऊ दे, मग निवांत बोलू.” पेपर जातो, निवांतपणा काही येत नाही.

१८७९ साली मिशिगनमध्ये विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञांनी बिया भरलेल्या वीस बाटल्या जमिनीत पुरल्या. बी मातीत किती वर्षं जिवंत राहतं, हे त्यांना पाहायचं होतं. ते १९२४ मध्ये गेले. २०२१ साली उकरून काढलेल्या बाटलीतल्याही काही बिया रुजल्या. शेवटची बाटली २१०० मध्ये निघायची आहे.

‘सावकाश जगा’ असं मी तुम्हाला सांगणार नाही. व्हिसा संपत आलेल्या माणसाला तो सल्ला परवडत नाही, धावावंच लागतं. पण धावताना आपण एक चूक करतो. ज्याची मुदत कागदावर छापलेली असते, तेवढंच तातडीचं मानतो आणि बाकीचं थांबेल असं धरून चालतो.

बी शंभर वर्षं थांबतं. आईच्या वयावर मुदत छापलेली नसते, एवढंच. आज पेपर अर्धवट ठेवून मी आधी फोन लावला.