खुंट पाहून डोळा भर

शेंदूरजनाघाट

चि. पोरी,

विद्यापीठाचं एमबीए, मुंबईचं एमएमएस की पीजीडीएम, यावर घरात रोज चर्चा चालते, असं तुझ्या बाबाकडून कळलं. राहवलं नाही म्हणून लिहितो.

आधी नावांचा गुंता सोडव. एमबीए आणि एमएमएस या विद्यापीठाच्या पदव्या. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था 1965 मध्ये निघाली, तिथली पदवी एमएमएस. पीजीडीएम ही संस्थेने स्वतः दिलेली पदविका. पदविका म्हणून नाक मुरडू नकोस. 31 जानेवारी 2018 ला नवा कायदा लागू होईपर्यंत आयआयएमसुद्धा पदविकाच देत होत्या. मात्र संस्थेला एआयसीटीईची मान्यता आहे का, हे स्वतः तपास. पुढे पीएचडी किंवा प्राध्यापकी मनात असेल, तर ती पदविका पदवीच्या बरोबरीची धरतात का, तेही विचार.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो. नर्सरीत गिऱ्हाईक आलं की कलमाची उंची बघतं. मी आधी विचारतो, "जमीन कोणती?" पाणी धरणाऱ्या काळ्या जमिनीत जंबेरीच्या खुंटाला डिंक्या रोग लवकर धरतो, तिथे मी रंगपूर लाइमवरचं कलम देतो. डोळा त्याच संत्र्याचा असतो, पण खुंट, म्हणजे खालचं मुळाचं झाड, चुकला की बहराला आलेलं झाड डोळ्यांदेखत वाळतं. पदवीचंही तसंच आहे. तुला कोणतं काम करायचं, ती तुझी जमीन.

मुंबईत बँका-वित्ताचं काम हवं असेल, तर बजाजसारख्या ठिकाणासाठी सीईटीची जीव तोडून तयारी कर. घराजवळ राहून शिकायचं असेल, तर आपल्या अमरावती विद्यापीठातही एमबीए आहे. कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून प्रवेश मिळाला आणि तू नियमात बसलीस, तर सरकारी शुल्कसवलत मिळते. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलास तर ती जाते. आयआयएमसाठी कॅट द्यावी लागते. नागपूरची आयआयएम 2015 पासून आहे आणि नागपूर म्हणजे आपल्या संत्र्याच्या गाड्यांचा रोजचा रस्ता.

शेतमालात रस असेल, तर आणंदची इर्मा आणि हैदराबादची मॅनेज या संस्था बघ. दूधक्रांतीवाल्या कुरियन साहेबांनी 1979 मध्ये इर्मा उभी केली, कारण शेतकऱ्यांच्या संस्था चालवायला गावाची नस ओळखणारी शिकलेली माणसं हवी होती. अशी माणसं वरूड-मोर्शीलाही हवी आहेत. बगीचा झाडावरच व्यापाऱ्याला देतो आम्ही, भाव तो ठरवतो. बांगलादेशाने संत्र्यावरचा आयात कर चढवला तेव्हा मार इथल्या वावराला बसला. पिकवणं आम्हाला जमलं, विकणं अजून जमलं नाही.

पैशाबद्दल स्पष्ट लिहितो. आपल्या नात्यातल्या एका मुलाने गुळगुळीत माहितीपत्रक पाहून प्रवेश घेतला. बापाने वावर गहाण टाकलं. दोन वर्षांनी हाती आली ती दारोदार विमा विकायची नोकरी, आणि ती पदवीशिवायही मिळाली असती. म्हणून कुठल्याही संस्थेत सर्वांत मोठा पगार किती, हे विचारू नकोस. पगारांची रांग लावली तर मधोमध उभ्या असलेल्या मुलाला काय मिळालं, ते विचार. गेल्या दोन वर्षांत बाहेर पडलेल्या चार मुलांना स्वतः फोन कर. तो मधला पगार मिळाला तर कर्जाचा हप्ता निघेल का, हे बाबासोबत बसून मांड.

मग एक कोरा कागद घे. डावीकडे काम लिही, उजवीकडे संस्था. डावी बाजू कोरी राहिली तर लाजू नकोस आणि घाईही करू नकोस. एक वर्ष थांब. पावसाळ्यात कलमांची उचल सुरू झाली की इकडे ये. उधारी, मजुरी, गाडीभाडं, सगळं तुझ्या हाती देतो, महिन्याचा पगारही देईन. माणसं आणि पैसा एकत्र सांभाळताना तुझा जीव रमतो की घुसमटतो, ते तुलाच कळेल. त्यानंतर तू जी पदवी निवडशील, तिच्यामागे मी उभा आहे.

तुझे,
मोठेबाबा