यंत्र घेण्याआधी संशयित ठरव

रुक्मिणी नगर, अमरावती

चि. सुहास,


मे महिन्याच्या बिलाचा फोटो आणि त्याखाली तीन यंत्रांची चित्रं मिळाली. फोनवर सांगितलेलं तू निम्मं विसरतोस, म्हणून लिहून पाठवते.

तिसरं चित्र आधी खोडून टाक. प्लगात खोचायची डबी, तिला हिरवा दिवा आणि वर 'बिल चाळीस टक्के कमी'. बाप्पा, काहून फसतात रे लोक! त्या डबीत एक कपॅसिटर आणि दिवा लागण्यापुरतं सर्किट असतं. कारखान्यांना पॉवर फॅक्टर सुधारल्याचा फायदा होतो, कारण त्यांच्या बिलात त्याचा हिशेब धरलेला असतो. तुझं घरगुती बिल युनिटांवर निघतं, आणि कपॅसिटर लावल्यानं युनिटं कमी होत नाहीत. राहिली दोन चित्रं. ती यंत्रं खरोखर मोजणारी आहेत. पण तुला काय मोजायचं आहे, हे तू कुठंच लिहिलं नाहीस.

बिल पुन्हा काढून बघ. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांपर्यंत एक टप्पा, मग ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा आणि त्यापुढे चौथा. पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात गेलं की युनिट जवळपास दुप्पट महाग पडतं. शंभरी ओलांडली की सगळीच युनिटं महागतात असं सूनबाई म्हणते, ते मात्र बरोबर नाही. शंभराच्या वरची तेवढीच महागतात. त्यावर स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि १६ टक्के वीज शुल्क. एकूण किती युनिटं जळली ते छापूनच येतं, त्याला यंत्र कशाला? शोधायचं आहे ते वरच्या टप्प्यात कोण ढकलतं ते. कूलर, दादाच्या खोलीतला एसी, पाण्याची मोटर आणि वरचा भाडेकरू, असे चार संशयित मला दिसतात. चौघांना मिळून एकच यंत्र लागू पडत नाही.

पहिलं यंत्र तुझ्या भिंतीवर आहेच, फुकट. महावितरणच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि त्याच्याजवळ बारीक अक्षरात एका युनिटाला किती लुकलुकी तो आकडा असतो. बऱ्याच मीटरांवर ३२०० असतो, पण तुझ्यावरचा नीट वाचून घे. ३२०० असेल तर दहा लुकलुकींना किती सेकंद लागले ते मोज आणि ११,२५० ला त्या सेकंदांनी भाग. येईल तो त्या क्षणी घरात चाललेला वॅट. दहा लुकलुकींना ५० सेकंद लागले तर २२५ वॅट. आधी फ्रिज आणि बाकी सगळं बंद ठेवून एकटा कूलर लाव आणि मोज. मग कूलर बंद करून मोटर लाव. अर्ध्या तासात अर्धं घर मोजून होईल. शाळेत पोरांना मी हाच गृहपाठ द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे बापच तावातावानं आकडे सांगायला यायचे.

दुसरं म्हणजे रोज सकाळी ठरल्या वेळी मीटरवरचा युनिटांचा आकडा कालनिर्णयच्या चौकोनात लिही, वहिनी दुधाचा हिशेब लिहिते त्याच्या शेजारी. पडद्यावर आकडे फिरत असतात, त्यातला केडब्ल्यूएच लिहिलेलाच घे. ज्या दिवशी एसी लावला त्या दिवशी एक फुली मार. महिनाभरात फुलीच्या आणि बिनफुलीच्या दिवसांतला फरक आपोआप दिसेल. आणि तुमच्याकडे नवा स्मार्ट मीटर बसला असेल तर हेही करायची गरज नाही, महावितरणच्या ॲपवर तासातासाचा वापर दिसतो. या मीटरवाल्यांना १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे थोडी सवलतही आहे. मोटर आणि कपड्यांचं मशीन त्या वेळात चालवायला काय हरकत आहे?

एवढं केल्यावरही पैसे खर्च करायचे असतील, तर प्लग आणि उपकरण यांच्या मध्ये लावायचा साधा मीटर घे. छोटा पडदा असलेला, ॲप नसलेला, हजाराच्या आगेमागे मिळतो. १६ अँपिअरचाच घे. सहा किंवा दहा अँपिअरच्या प्लगावर गीझर किंवा एसी लावलास तर तो वितळू शकतो. घेताना तीन गोष्टी बघ. वीज गेल्यावर साठवलेली युनिटं पुसली जाता कामा नयेत, कारण फ्रिज चोवीस तास मोजायला लावशील आणि दुपारी लाईट गेली की सगळं शून्यावर. अगदी लहान भार त्याला दिसला पाहिजे. सेट टॉप बॉक्स दहा वॅटनं अहोरात्र चालू राहिला तर महिन्याला सात युनिटं खातो, आणि स्वस्त मीटर कधी कधी तेवढ्याला शून्य दाखवतात. तिसरं म्हणजे वॅट आणि व्होल्ट दोन्ही दाखवणारा हवा.

व्होल्टचं एवढं महत्त्व का, तेही सांगते. घरी आणल्यावर इस्त्री लावून तो तपास. १००० वॅटच्या इस्त्रीला ८३० च्या आसपास दाखवलं तर लगेच दुकानदाराशी भांडायला जाऊ नकोस. व्होल्टेज २१० असेल तर २३० ची इस्त्री तेवढीच ओढते. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेच्या ऊर्जा गटानं ठिकठिकाणी घरांत लहान यंत्रं लावून मिनिटामिनिटाचं व्होल्टेज नोंदवलं, ते लोकांना वीज कशी मिळते हे दिसावं म्हणून. तुमच्या अकोल्याहून पारसचं वीजकेंद्र हाकेच्या अंतरावर आहे, ५०० मेगावॅटचं, आणि आमच्याकडे नांदगाव पेठेला १३५० मेगावॅटचं. म्हणून काही आपल्या घरातलं व्होल्टेज जागेवर राहत नाही.

तुझा मेहुणा अमेरिकेहून 'किल अ वॉट' नावाचा असाच प्लगात लावायचा मीटर आणतो म्हणतो, त्याला नको म्हणून सांग. चांगलं यंत्र आहे, पण तिकडच्या १२० व्होल्टचं. आपल्या २३० वर लावलं की गेलं. तिकडची एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. तिथल्या कित्येक सार्वजनिक वाचनालयांत हा मीटर पुस्तकासारखा घरी नेता येतो. तुमच्या जठारपेठेतल्या गल्लीत चार घरांनी मिळून एक घेतला आणि आठ-आठ दिवस फिरवला तरी पुरे. घरातलं एकेक उपकरण एकदा मोजून झालं की तो कपाटातच पडून राहतो.

तू पसंत केलेलं दुसरं यंत्र, मुख्य वायरीला कडं अडकवून मोबाईलवर आलेख दाखवणारं, वाईट नाही. पण त्याची किंमत दुप्पट-तिप्पट, वायफाय लागतं, आणि कंपनीचं ॲप बंद पडलं की नुसतं कडं उरतं. शिवाय ते एकूणच मोजतं, आणि एकूण तर तुझा मीटर सांगतोच. घ्यायचंच असेल तर कडं एकट्या फेजच्या वायरीभोवती घालावं लागतं. दोन्ही वायरी आत घेतल्या तर शून्य दाखवतं. त्यातलंही नुसता करंट मोजून व्होल्टेज २३० धरणारं घेऊ नको, मोटर आणि फ्रिजच्या बाबतीत ते हमखास चुकतं. बसवायला वायरमन बोलाव, मेन स्विच बंद करून, घरातल्या बोर्डात. मीटरच्या पेटीला आणि सीलला हात लावायचा नाही. २००३ च्या वीज कायद्यानं तो गुन्हा आहे.

आता कूलरबद्दल, कारण मला तो मुख्य आरोपी वाटतो. मे २०२४ मध्ये उष्णतेपायी अकोल्यात जिल्हाधिकाऱ्यांना १४४ कलम लावावं लागलं होतं. अशा गावात कूलर कमी वापरा असं मी सांगणार नाही. २०० वॅटचा कूलर चौदा तास चालला तर दिवसाला २.८ युनिटं, महिन्याला ८४. म्हणजे स्वस्त टप्पा तो एकटाच जवळपास संपवतो, आणि फ्रिज, पंखे, टीव्ही सगळे महागात जातात. दीड टनाचा एसी एका रात्रीत सहा-आठ युनिटं घेतो, त्याच्यापुढे कूलर तरीही गरीब. वाळ्याच्या ताट्या बदलून, मोटर आणि पंख्याला तेलपाणी करून बघ आणि पुन्हा मोज. मीटर लावशील तो खोलीच्या आतल्या प्लगात, पाणी उडणार नाही अशा जागी. बाहेर खिडकीत कूलरजवळ नाही.

आणि सुहास, खिशात हजारच रुपये असतील तर ते मीटरवर घालवू नको. आधी अर्थिंग तपासून घे, मग गळती करंटला झटक्यात तुटणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर बसव. थोडे जास्त लागले तर मी देते. दर उन्हाळ्यात आपल्याकडे कूलरचा शॉक लागून माणसं जातात, बहुतेक पाणी भरताना. पाणी घालताना प्लग काढायचा, नुसता स्विच बंद करून चालत नाही. हे पोरांना रागावून सांग.

राहिला भाडेकरू. त्याच्या लाईनवर वायरमनकडून साधा सब-मीटर लावून घे. पाचशे-सातशेचा येतो, वीज गेली तरी आकडे राखतो आणि महिनाअखेरची तोंडातोंडी टळते. पण दोन घरं एका मीटरवर असली की दोघांची युनिटं एकत्र होऊन दोघंही महागड्या टप्प्यात जातात, हे सब-मीटरनं सुटत नाही. त्याचं स्वयंपाकघर वेगळं आहे, तर महावितरणच्या कार्यालयात वेगळ्या जोडणीची चौकशी कर. आणि सगळं मोजून झाल्यावर मुख्य मीटरच जास्त पळतो असा संशय उरला, तर मीटर तपासणीचा रीतसर अर्ज दे. तुझ्या हजाराच्या यंत्राचा आकडा तिथं पुरावा धरणार नाहीत, पण अर्ज करायला तो पुरेसं कारण आहे.

सोलरचं एवढ्यात नको. सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार अनुदान आहे हे खरं. पण एक किलोवॅट महिन्याला साधारण १२० युनिटं देतं, आणि तुला किती किलोवॅट लागतील ते उन्हाळा आणि हिवाळा दोन्हींचे आकडे हातात आल्याशिवाय कळायचं नाही. ते घेऊन दिवाळीला ये, मग बसू.

दादा-वहिनींना नमस्कार, सूनबाईला आणि पोरांना आशीर्वाद.

तुझी,
आत्या