शेवटची करंडी

फुकट मिळणाऱ्या वस्तूतून किती घ्यावे, हे आपल्याला लहानपणीच शिकवलेले असते. देवळातला प्रसाद तळहातावर मावेल इतकाच घ्यावा, शेजाऱ्याच्या परसातली फुले तोडताना झाडावर चार ठेवावीत, लग्नघरी पानात टाकू नये. पण जेथे रोख पैसे मोजून घ्यायचे, तेथे किती घ्यावे हे कोणी शिकवीत नाही. तेथे हा प्रश्नच उद्भवत नाही, असे सारे धरून चालतात. खिशाला परवडेल आणि पोटाला पेलेल तितके घ्यावे; त्यात नीती-अनीतीचा संबंध काय? हा संबंध आहे की नाही, यावर माझा आणि माझ्या भाच्याचा गेल्या हिवाळ्यात हाँगकाँगमध्ये चांगला दोन दिवस वाद झाला. वादाचे कारण होते कमळाच्या पानात बांधलेला भात.

हाँगकाँग म्हटले की डोळ्यांपुढे उंच इमारती उभ्या राहतात, पण त्या इमारतींच्या पाठीशीच डोंगर आहेत. त्यांतला सर्वांत उंच ताइ मो शान, ९५७ मीटर. त्याच्या उतारावर चुएन लुंग नावाचे हाक्का लोकांचे जुने खेडे आहे. च्युन वानहून हिरव्या छपराची एक लहानशी बस वळणे घेत वर जाते आणि पाऊण शहर पायाखाली सोडून तुम्हांला तेथे उतरवते. गावाची ख्याती दोन गोष्टींसाठी आहे. वाहत्या पाण्याच्या वाफ्यांत वाढणारी एक तिखटसर पालेभाजी ही एक, आणि चहाघरे ही दुसरी. सकाळच्या वेळी तेथे डोंगर उतरून आलेली तरुण मंडळी असतात, लेकुरवाळी कुटुंबे असतात, आणि हातात पक्ष्याचा पिंजरा घेऊन आलेले म्हातारेही असतात. पिंजरा आढ्याला टांगायचा, पक्ष्याने गायचे आणि मालकाने चहा प्यायचा, असा तो जुना शिरस्ता.

कँटनकडचे लोक याला ‘यम चा’ म्हणतात. शब्दाचा अर्थ नुसता ‘चहा पिणे’ एवढाच. पण त्या चहाबरोबर जे बारीकसारीक जिन्नस खाल्ले जातात त्यांचे नाव डिम सम, आणि त्या दोन अक्षरांचा शब्दशः अर्थ ‘हृदयाला स्पर्श’ असा सांगतात. खाण्याच्या जिन्नसाला इतके हळवे नाव देणारे लोक मला तेव्हाच आवडले. गव्हाच्या सत्त्वाच्या पारदर्शक पारीत कोळंबी भरलेला हार गाव पाहिला की कोकणातल्या माणसाला उकडीच्या मोदकाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. कळ्या मात्र एकाच कुशीला पाडलेल्या. कोंबडीच्या पायांना तेथे फिनिक्स पक्ष्याचे पंजे असे भारदस्त नाव आहे. आणि लो माइ गाइ म्हणजे तो कमळाच्या पानातला भात. चिकट तांदूळ, आत कोंबडी आणि अळंबी, सारे वाळक्या पानात बांधून वाफेवर ठेवलेले. पुडी उलगडताच जो वास येतो, त्याला तुलना द्यायचीच तर पातोळ्यांच्या हळदीच्या पानाची द्यावी लागेल.

आम्ही गेलो त्या चहाघरात वाढायला कोणी येत नाही. किटली आपण उचलायची, चहाची पत्ती आपण घालायची, कढत पाणी आपण भरायचे. मांडलेल्या पेल्यांवर आणि काड्यांवर पहिला कढत चहा ओतून ते विसळून काढायचे, हेही काम गिऱ्हाइकाचेच. मग वाफेच्या कपाटाशी जायचे, बांबूच्या करंड्या एकावर एक रचलेल्या असतात, त्यांतल्या हव्या त्या उचलायच्या आणि चटके सोशीत टेबलाशी यायचे. ओळखीचे-अनोळखी असा भेद फारसा नाही. जागा असेल तेथे परक्यांच्या टेबलाशीही बसायचे; हाँगकाँगच्या जुन्या चहाघरांची ही रीतच आहे.

मी कपाटाशी उभा होतो. माझ्यापुढे एक चाळिशीची बाई तबक घेऊन उभी होती. भाताच्या तीन करंड्या उरल्या होत्या. तिने तिन्ही उचलल्या, वर आणखी तीन निराळ्या घेतल्या आणि ती गेली. मग पिंजरेवाल्यांपैकी एक आजोबा आले. त्यांनी त्या रिकाम्या जागेकडे पाहिले, शेजारच्या एक-दोन झाकणांखाली डोकावले, झाकणे जागच्या जागी ठेवली आणि क्षणभर थांबून तपकिरी साखरेच्या वाफवलेल्या केकची एक करंडी घेऊन ते गेले. झाले ते एवढेच. तक्रार नाही, सुस्कारा नाही.

परतीच्या बसमध्ये मी म्हणालो, “त्या बाईने एक करंडी ठेवायला हवी होती.”

भाचा तेथे गेली अकरा वर्षे बँकेत आहे. तो म्हणाला, “का म्हणून, मामा? तिने पैसे दिलेत सगळ्यांचे. तिच्या टेबलाशी आठ माणसं होती. ती आधी आली, आजोबा नंतर आले. आणि वीस मिनिटांत दुसरा घाणा बाहेर आला असता.”

चारही मुद्दे बिनतोड होते. यातले एकही खोडून काढता येत नाही, हे मी तेव्हाही कबूल केले. तिने चोरी केली नाही, फसवले नाही, रांग मोडली नाही. कायद्याच्या, बाजाराच्या, इतकेच काय, सभ्यतेच्या रूढ नियमांतही ती कोठे चुकली नाही. तरीही माझ्या मनातून ती रिकामी जागा जाईना. काही चुकलेले नाही आणि तरी काही राहून गेले आहे, अशी जी अवस्था असते तिला आपल्याकडे नाव नाही, म्हणून ती अस्तित्वातच नाही असे थोडेच आहे?

वाढपी असता तर काय झाले असते, याचा मी विचार करू लागलो. कँटनच्या जुन्या चहाघरांत वाढप्याचे आणि गिऱ्हाइकाचे नाते मोठे गुंतागुंतीचे होते. गळ्यात तबक अडकवून बाया जिन्नसांची नावे पुकारीत फिरत. पुढे ढकलगाड्या आल्या. टेबलावर एक पत्रक असे, त्यावर लहान, मध्यम, मोठा असे जिनसांचे भाव-वर्ग छापलेले असत आणि करंडी घेतली की त्या वर्गात शिक्का उमटे. वेलिंग्टन स्ट्रीटवरच्या लिन हुंग या प्रसिद्ध चहाघरात तर गिऱ्हाइके जागा सोडून, हातात पत्रक धरून गाडीच्या मागे धावत. ते चहाघर २०२२ साली बंद झाले आणि २०२४ साली पुन्हा उघडले. संशयही दोन्ही बाजूंनी असे. एक दंतकथा सांगतात. कोणा श्रीमंताने आपला पक्षी चहाच्या झाकणवाटीत लपवून ठेवला. वाढप्याने पाणी घालण्यासाठी झाकण उघडले, पक्षी उडाला, आणि त्या माणसाने त्याची जबर किंमत मागितली. तेव्हापासून गिऱ्हाइकाने स्वतः झाकण बाजूला सरकवून ठेवल्याशिवाय वाढपी पाणी घालीत नाही. कथा खरी असो वा नसो, झाकण कलते ठेवण्याची खूण मात्र आजही चालते.

या वाढप्याचे एक काम कोणाच्या लक्षात येत नाही. तो नुसता पदार्थ आणून ठेवीत नाही, तो वाटणी करतो. गाडीवर तीन करंड्या उरल्या आणि पुढे पाच टेबले आहेत, हे त्याला दिसत असते. रोजचे आजोबा कोपऱ्यात बसले आहेत, हेही त्याला ठाऊक असते. सगळे वाढपी न्यायी असतात असे मी म्हणत नाही; बक्षिशीकडे डोळा ठेवणारेही असतातच. पण मागे कोण आहे हे पाहणारे निदान एक माणूस त्या दालनात असते.

‘आपले आपण घ्या’ ही पद्धत अमेरिकेत मेम्फिस येथे क्लॅरेन्स साँडर्स याने १९१६ साली किराणा दुकानात आणली. त्यापूर्वी गिऱ्हाइक फळीबाहेर उभे राहून मागे आणि नोकर आतून काढून देई. साँडर्सने गिऱ्हाइकालाच आत सोडले. समतेची वगैरे काही ओढ त्यात नव्हती. नोकरांचा पगार वाचत होता. पुढे ही रीत जगभर गेली, खाणावळींतही शिरली. मी तिच्या विरुद्ध नाही. कोणापुढे हात पसरावा लागत नाही, कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही, हे तिचे मोठेच सुख आहे. पण नोकराचा पगार वाचला तेव्हा त्याची उचलठेव आपल्याकडे आली, आणि तिच्याबरोबर त्याची नजरही आपल्याकडे यायला हवी होती. ती वाटेत कोठे तरी गळाली.

दुसऱ्या दिवशी भाच्याने निराळीच बाजू मांडली. “तुम्ही त्या बाईंना स्वार्थी ठरवताय,” तो म्हणाला, “पण टेबलाशी त्या काय करत होत्या ते पाहिलंत का?”

मी पाहिले होते. तिच्या टेबलाशी एक अगदी थकलेल्या आजी होत्या, बहुधा सासू, आणि दोन पोरे. बाईने सर्वांचे पेले विसळले. मग सर्वांना चहा ओतला, आधी आजींना, मग इतरांना, आणि शेवटी स्वतःला. त्या लोकांत स्वतःचा पेला आधी भरणे असभ्य मानतात. कोणी चहा ओतला की दोन बोटे वाकवून टेबलावर हलकेच टकटक करायची, हे आभार. त्याचीही एक कथा आहे. अठराव्या शतकातला च्यानलुंग बादशहा वेष पालटून फिरत असताना त्याने चहाघरात आपल्या सेवकांचे पेले भरले. बादशहाने चहा ओतला तर गुडघे टेकून दंडवत घालायला हवा, पण तसे केले तर सोंग फुटणार. म्हणून सेवकांनी बोटे वाकवली आणि टेबलावर दंडवत घातला. आजींचीही बोटे वाजली. कमळाच्या पानाची पहिली पुडी त्या बाईने त्यांच्यापुढे उलगडून ठेवली, भात काड्यांनी मोकळा करून दिला. स्वतः तिने त्यातले काही खाल्लेले मला तरी दिसले नाही.

म्हणजे जी बाई कपाटाशी तिन्ही करंड्या उचलते, तीच टेबलाशी सर्वांत शेवटी पेला भरते. तिला स्वार्थी म्हणणे शक्यच नाही. तिची माया भरपूर होती. फक्त ती टेबलाच्या कडेपर्यंत होती. आणि खरे सांगायचे तर बहुतेक चांगल्या माणसांची माया तेवढीच असते. वाईट माणसांनी जगात जितके दुःख निर्माण केले आहे, त्याला तोडीस तोड दुःख आपल्या टेबलापुरत्या चांगल्या माणसांनी निर्माण केले असेल, अशी मला पुष्कळदा शंका येते.

आपल्याकडच्या पंगतीचे कौतुक करून मला हा विषय सोडवता येणार नाही. पंगतीत वाढपी होता, आग्रह होता, ‘सावकाश होऊ द्या’ होते. पण पंगतीला कोणी बसायचे आणि अंगणाबाहेर कोणी थांबायचे, हे वाढायला घेण्यापूर्वीच ठरलेले असे. समतानंद अनंत हरी गद्र्यांना झुणका-भाकरीची सहभोजने घालावी लागली ती काही पदार्थाच्या नावीन्यासाठी नव्हे. आणि बाहेरचे राहू द्या, घरातलेच घेतो. आमच्या घरी पुरुषांची पंगत आधी, मग मुलांची, मग बायकांची. बायकांतही आई शेवटची. आमटी पुरुषांच्या पंगतीला दाट असे आणि आईच्या पानापर्यंत येताना तिच्यात पाणी पडलेले असे. तळण असले की आई म्हणे, “मला आज भूकच नाही.” वर्षातून इतक्या वेळा भूक नसणारी बाई जिवंत कशी राहते, हा प्रश्न त्या भरल्या घरात कोणाला पडला नाही. काका मंडळी वाईट नव्हती. चौथी पुरणपोळी घेणाऱ्याने कोणाचे काही हिसकावले नव्हते. त्याला तर ती आग्रहाने वाढली होती, आणि आग्रह करणारी आईच होती. रांगेत मागे उभे राहणाऱ्याला आवाज नसतो. आजोबांनी केकची करंडी उचलली तेव्हा त्यांचा चेहरा मला ओळखीचा का वाटला, ते मला मुक्कामावर परतल्यावर रात्री उमगले.

म्हणून पैसे दिले की हिशेब मिटला, हे मला पटत नाही. पैसे मी मालकाला दिले. त्याचा-माझा हिशेब मिटला. पण करंड्या तीन आणि माणसे अधिक, हा हिशेब माझा आणि मालकाचा नव्हेच. तो माझा आणि पाठीमागच्याचा आहे, आणि त्याला मी काहीच दिलेले नाही. जुन्या कँटनी लोकांत ‘एक चहा, दोन जिन्नस’ असे सकाळच्या न्याहारीचे माप होते. ते काटकसरीचे माप म्हणून सांगतात, आणि असेलही. पण शंभर माणसांच्या चहाघरात प्रत्येकाने दोनच जिन्नस उचलले, तर कपाटात काहीतरी उरते, हाही त्यातला एक व्यवहार असावा.

भाच्याला हे सारे ऐकून घेण्याइतकी सहनशक्ती आहे, हा त्याच्या आईचा गुण. तरी त्याने एक अडचण काढलीच, आणि ती खरी आहे. “मामा, तिला काय माहीत मागून कोण येणार आहे? न आलेल्या माणसासाठी आठ माणसांना अर्धपोटी ठेवायचं का?”

मी म्हणालो, अर्धपोटी कशाला? सहांपैकी एक करंडी कमी झाली असती. आणि कपाट आणि जिना यांच्यात दहा पावलांचे अंतर होते. आजोबा पिंजरा टांगून, कठड्याला धरून निघालेले मला दिसत होते. मी उंच नाही. तिलाही दिसले असते.

“आणि जिन्यावर कोणीच नसतं तर?”

“मग तिन्ही घ्यायच्या,” मी म्हणालो, “आणि पान गरम आहे तोवर उलगडायच्या.”