गोरा की गुणी?

एका शब्दाला चार अर्थ असले की अनुवादकाला शब्दकोशापेक्षा आपल्या विवेकाला कौल लावावा लागतो, असे आम्हाला वाटते. इंग्रजीतील 'फेअर' हा शब्द घ्या. न्याय्य, सुंदर, गोरा, शिवाय जत्रा, इतके अर्थ तो वाहतो. इटालियनमध्ये त्यांची घरे वेगळी आहेत. न्याय्य तो 'जुस्तो', सुंदर तो 'बेल्लो' आणि जत्रा ती 'फिएरा'. जॉन रॉल्स या अमेरिकी तत्त्वज्ञाच्या १९७१ सालच्या न्यायविचारातील 'फेअरनेस'साठी इटालियन अनुवादात 'एक्विता' हा शब्द आला. तिथे पेच नव्हता. त्या विचारात कातडीच्या रंगाला जागाच नाही.

पेच पडतो शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'त. मूळ कथा इटालियनच, १५६५ साली छापलेल्या चिंथिओच्या संग्रहातली. तिच्यात नायकाला नावही नाही. तो नुसता 'मूर'. शेक्सपिअरच्या नाटकात व्हेनिसचा ड्यूक डेस्डिमोनाच्या बापाची समजूत घालताना जावयाची तारीफ करतो. गुण बघता तो काळा कसला, 'फेअर'च म्हणायचा, असा तिचा आशय.

आता 'बेल्लो' लिहावे तर तारीफ राहते, रंग जातो. 'ब्यांको' म्हणजे पांढरा लिहावे तर रंग राहतो, तारीफ जाते. 'कांदिदो' हा शब्द शुभ्रही आहे आणि निष्पापही. म्हणजे गोरेपण आणि चांगुलपण यांची गाठ इटालियननेही आपल्या परीने मारून ठेवली आहेच. व्हर्दीच्या १८८७ च्या 'ओतेल्लो' या संगीतिकेसाठी बोइतोने व्हेनिसचा सगळा अंकच गाळला. तिथे हा प्रश्नच उरला नाही.

कोणी म्हणेल, 'बेल्लो' लिहून मोकळे व्हावे, अपमान कशाला जपायचा? आम्हाला हे पटत नाही. आपण अपमान करतो आहोत याची ड्यूकला जाणीवच नाही, हेच त्या बोलण्याचे मर्म आहे. माणूस चांगला निघाला तर त्याला आपल्यात मोजून घ्यायचे आणि त्याची जमात होती तशीच बदनाम ठेवायची! 'तुम्ही मुसलमान वाटतच नाही' ही शाबासकी आपल्यापैकी कित्येकांनी ऐकली आहे. अशी शाबासकी अनुवादात धुऊन काढली, तर बोलणाऱ्याचा दोष पुसला जातो आणि ऐकणाऱ्याच्या जखमेचे कारणच कोणाला कळत नाही.

म्हणून गाठ सुटत नसेल तर ती गाठ म्हणूनच वाचकाला दाखवावी, मग त्यासाठी 'कांदिदो' वापरावा लागला तरी चालेल. मूळ लेखकाशी इन्साफ करायचा तर त्याच्या पात्रांचे पूर्वग्रहही इमानाने पोहोचवावे लागतात.