पिठाचा कोंबडा आणि पडद्यावरची गोळी

हिंसक नेमबाजीचा खेळ मुलांना योग्य आहे का, हा प्रश्न 2019 मध्ये चंदीगडच्या कॅपिटल कॉम्प्लेक्समध्ये पोहोचला. वास्तुकार ल कॉर्बुझिए यांनी रचलेल्या या संकुलातील पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात पबजी या नेमबाजीच्या मोबाइल खेळावर बंदी मागणारी जनहित याचिका दाखल झाली. न्यायालयाने निर्णय केंद्र सरकारकडे सोपवला. 2 सप्टेंबर 2020 रोजी बंदी आली खरी, पण देशाच्या सार्वभौमत्वाच्या आणि सुरक्षिततेच्या कारणाने. मुलांचा प्रश्न तसाच राहिला.

पण पडद्यावर खरोखर कोणीच मरत नाही, मग तिथे हिंसा कुठली? जैन विचाराने यावर फार पूर्वी उत्तर दिले आहे. सोमदेवसूरींच्या ‘यशस्तिलक’ या 959 मधील ग्रंथात राजा यशोधर आईच्या आग्रहाने खऱ्या प्राण्याऐवजी पिठाच्या कोंबड्याचा बळी देतो. तरीही मायलेकांना अनेक पशुजन्म भोगावे लागतात, कारण मारण्याचा संकल्प खरा होता. कृतीतली द्रव्यहिंसा आणि मनातली भावहिंसा हा भेद इथे निर्णायक ठरतो.

मात्र हा निकष खेळाला सरसकट लावणे अन्यायाचे होईल. चोर-पोलीस खेळणाऱ्या मुलाच्या मनात जिंकण्याची ओढ असते, वैर नसते. म्हणून रक्त किती दिसते यापेक्षा खेळ कशाला बक्षीस देतो, शरण आलेल्याला सोडता येते का, हरल्यावर मुलाचा राग किती टिकतो, हे पाहणे अधिक महत्त्वाचे. सहा वर्षांच्या मुलाला संकल्प आणि सोंग यांतली रेषा नीट कळत नाही. सोळाव्या वर्षी ती बहुधा कळते. हे पारखणे शेजारी बसून खेळ पाहणाऱ्या पालकालाच जमते.